रस्त्यावरच्या झाडाचा धनी

वैशाखांतल्या दुपारीं जळगांवच्या रस्त्यानें चालणारा मनुष्य जवळची वाट पाहत नाहीं. तो सावलीची वाट पाहतो. जेथें पारा कधीं कधीं 45 अंशांपलीकडे जातो, त्या खानदेशांत रस्त्याकांठचें झाड पाण्याच्या नळाइतकेंच गरजेचें आहे. परंतु घराला धनी असतो, शेताला धनी असतो. रस्त्यावरच्या झाडाला धनी कोण? प्रश्न साधा दिसला, तरी त्याचा इतिहास लांबचा आहे.

माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावविले, असें अशोकानें स्तंभावर कोरवून ठेविलें. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत विचार आणखी पुढें गेला आहे. आरमाराला लांकूड लागतें. तरी आंबा, फणस यांना हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें पोटच्या मुलांसारखीं पुष्कळ वर्षें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच झालें, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें. म्हणजे झाडाचें रक्षण धन्याच्या दुःखावर उभें होतें. रस्त्यावरच्या झाडाला तेंच नसतें. तें तोडतांना कोणाची समजूत घालावी लागत नाहीं.

खानदेश 1818 सालीं इंग्रजांच्या ताब्यांत गेला. कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें मुख्य ठाणें केलें आणि 1819 च्या सुमारास सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविली. या आंखणीचें श्रेय पुष्कळदां विश्वेश्वरय्यांना दिलें जातें; पण ते तरुण इंजिनियर म्हणून धुळ्यास आले 1884 सालीं, तोंवर पेठेला साठांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. जळगांव वाढलें तें कापसावर. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, कापसाचा भाव चढला, रेल्वेनें बाजार जवळ आणला. त्याच दशकांत दोन्ही गांवीं नगरपालिका आल्या. दिवाबत्ती व झाडलोट यांना वाली मिळाला. झाडाचें पाणी मात्र कोणाच्या माथीं, हें स्पष्ट झालें नाहीं.

नगररचनेंत झाडाला मान देणारा एक पुरुष 1914 सालीं हिंदुस्थानांत आला. पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढें मुंबई विद्यापीठांत ते नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. पाडापाडीपूर्वीं गांव पायीं हिंडून पाहावें, जुन्या विहिरी, देवळें व झाडें राखून मग रस्ता वळवावा, हा त्यांचा आग्रह होता. सरळ रेघेपेक्षां वडाची सावली त्यांना अधिक मोलाची वाटे.

कायद्यानें धनी नेमला तो 1975 सालीं. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानें वृक्ष प्राधिकरण निर्माण केलें. परवानगीवांचून तोड बंद झाली, दर पांच वर्षांनीं वृक्षगणना करण्याचें बंधन आलें. धुळें व जळगांव येथें 2003 सालीं महानगरपालिका झाल्या, आणि हा भार त्यांच्याकडे आला. 2021 च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा मान दिला व तोडलेल्या झाडाचें वय जितकें, तितकीं नवीं झाडें लावण्याचा नियम केला. हिशेब न्याय्य आहे. तथापि साठ वर्षांच्या निंबाच्या जागीं लावलेलीं साठ रोपें पुढच्या वैशाखांत एकाही वाटसरूला सावली देत नाहींत.

म्हणून लागवडीपेक्षां जोपासना मोठी. बुंध्याला सिमेंटनें आवळलें कीं मुळांना पाणी व हवा मिळत नाहीं. राष्ट्रीय हरित लवादानें 2013 सालीं दिल्लींत बुंध्याभोंवतीं एक मीटर जागा मोकळी करविली, ती याचसाठीं. रोप लावण्याचा समारंभ पावसाळ्यांत होतो आणि त्याची कसोटी लागते पुढच्या उन्हाळ्यांत. त्या उन्हाळ्यांत जो घागरभर पाणी घालील, तोच त्या झाडाचा खरा धनी.