संमोहन, आबे फारिया आणि रात्रीचा फरसाणाचा डबा

रायपूरच्या उरला भागातून बोलतोय. नेहमी आपण लढाया आणि किल्ल्यांचा इतिहास पाहतो. आजचा विषय तुमच्या प्रश्नांतून आला आहे. नागपूर, इंदूर, बेळगाव, पुणे, सगळीकडून एकच विचारणा होते: ‘संमोहनानं खाण्यावर ताबा येतो का? वजन उतरतं का?’ मी डॉक्टर नाही. पण या विद्येचा इतिहास आपल्या गोव्यातून जातो आणि तो नीट पाहिला की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

सुरुवात होते युरोपात. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरनं पॅरिस गाजवलं होतं. माणसाच्या अंगात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो, तो अडला की आजार होतो आणि मी तो मोकळा करतो, असा त्याचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी केलेला एक प्रयोग ऐका. बागेतल्या एका झाडात चुंबकीय शक्ती भरली आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी! समितीनं निष्कर्ष काढला की प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे.

इथं आपला माणूस येतो. जुझे कुस्तोदियु फारिया, जन्म ३१ मे १७५६, गाव बारदेशातलं कांदोळी. आई-वडील वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई मठात गेली. १७७१ मध्ये वडिलांनी मुलाला पोर्तुगालला नेलं. पुढं रोममध्ये शिकून तो धर्मगुरू झाला. गोव्यात त्यांची एक गोष्ट आवडीनं सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचा बसली. मागून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी आहे, काप भाजी!’ त्या एका वाक्यासरशी भीती गेली आणि मुलगा घडाघडा बोलू लागला. गोष्ट खरी असो वा रचलेली, शब्दानं मन कसं वळतं हे तिच्यातून कळतं.

पुढं फारिया पॅरिसला गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ साली त्यांनी एका तुकडीचं नेतृत्वही केलं. १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. ना चुंबक, ना हातवारे. माणसाला आरामात बसवायचं, डोळे मिटून झोपेवर लक्ष लावायला सांगायचं आणि मग हुकमी आवाजात म्हणायचं, ‘झोपा!’

त्यांनी सांगितलेली मोठी गोष्ट ही की झोप लावणाऱ्यात काही शक्ती नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या आत घडतं. त्यांच्या सगळ्याच कल्पना टिकल्या नाहीत. रक्त पातळ असणाऱ्यांना ही झोप लवकर लागते असं ते मानत. पण हा मूळ मुद्दा टिकला. त्या काळात मात्र टवाळीच वाट्याला आली. त्यांची खिल्ली उडवणारं नाटक रंगमंचावर आलं. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्येच वारले. पुढं फ्रान्समधल्या नान्सी शहरातले बर्नहाइम यांनी संमोहनाचा पाया सूचना हाच आहे असं मांडलं, तेव्हा फारियांचं म्हणणं डॉक्टरांच्या जगात मान्य झालं. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला.

माझ्यासारख्या फौजी माणसाला फारिया लगेच पटतात. परेडवर ‘सावधान’ म्हटलं की शंभर टाचा एकदम जुळतात. ती ताकद उस्तादाच्या घशात नसते. जवानानं महिनोन्‌महिने केलेल्या सरावात असते. नव्या भरतीसमोर तोच शब्द कितीही जोरात ओरडा, पाय हवे तसेच पडतात.

आता खाण्याकडे येऊ. आमच्या युनिटमधले एक निवृत्त सुभेदारसाहेब आहेत. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्या, मुलं दूर. दिवसभर जेवण बेताचं. पण रात्री अकरा वाजले, घर शांत झालं की फरसाणाचा डबा उघडतो आणि रिकामाच खाली ठेवला जातो. वजन वाढलं, साखर वाढली. एका जाहिरातीत त्यांनी वाचलं की दहा बैठकांत पंधरा किलो कमी, खात्रीनं, आणि पैसे आगाऊ. मला फोन आला, ‘साहेब, भरू का?’

हे एकट्या त्यांचं दुखणं नाही. आमच्या उरल्यात कारखान्याच्या रात्रपाळीहून सुटलेला माणूस भूक नसतानाही टपरीवर समोसे खातो. भट्टीजवळ रात्र काढल्यावर तेवढंच सुख हाताशी असतं. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि भाजी-भाकरीवर भागते. मनाची भूक अचानक येते, तिला ठरावीक खारट किंवा गोड पदार्थच हवा असतो आणि पोट भरलं तरी ती थांबत नाही. एकटेपणा, चिंता, कंटाळा, अपुरी झोप ही तिची कारणं. नुसत्या आहाराच्या तक्त्यानं ती जात नाही, म्हणून लोक संमोहनाकडे वळतात.

मग पुरावा काय सांगतो? १९९५ मध्ये अमेरिकेत काही अभ्यास एकत्र करून असं मांडलं गेलं की वर्तन बदलण्याच्या उपचाराला संमोहनाची जोड दिली तर फायदा बराच वाढतो, वजनाच्या बाबतीत तर विशेष. पुढच्याच वर्षी ॲलिसन आणि फेथ या दोघांनी ते आकडे तपासले. गणितात चुका निघाल्या. दुरुस्त केल्यावर उरला तो लहानसा फायदा. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात झोपेत श्वास अडणाऱ्या साठ स्थूल रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त आहाराचा सल्ला, बाकी दोघांना सल्ल्याबरोबर संमोहन. तीन महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन थोडं उतरलं. दीड वर्षानं मात्र ज्या गटाला ताण कमी करण्याच्या सूचना दिल्या होत्या, त्याच गटाची घट टिकली होती. किती? सरासरी ३.८ किलो.

या आकड्याकडे नीट पाहा. फायदा आहे, पण पंधरा किलोंची खात्री कुठंच नाही. आणि जो टिकला तो ताण हलका करणाऱ्या सूचनांचा.

म्हणून सुभेदारसाहेबांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पहिल्यांदा डॉक्टरकडे जा; थायरॉईड, साखर तपासा आणि चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. दुसरं, संमोहन करायचंच असेल तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे करा. तो आधी तुमची हकीकत ऐकेल, आहार आणि चालणं सोडायला सांगणार नाही आणि स्वतःच स्वतःला शांत करण्याचा सराव घरी करायला शिकवेल. तिसरं, किलोंची हमी देणारा, आगाऊ सगळे पैसे मागणारा किंवा ‘लहानपणीची दडलेली आठवण काढतो’ म्हणणारा दिसला तर तिथून निघा. अशा प्रयत्नांत खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. भास होत असतील, किंवा खाऊन उलट्या काढण्यासारखा त्रास असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञालाच गाठा.

आणि ज्यांच्या घरात असा रात्रीचा डबा आहे, त्यांना एक विनंती. त्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ असं टोचून बोलू नका. रात्री अकराच्या आधी त्याला एक फोन करा.

पुढच्या भागात बिंबाजी भोसल्यांच्या काळातलं रतनपूर पाहू. जय जोहार, जय हिंद.