खांदेरी सिद्दीकडे गेली असती तर

प्रत्यक्ष घडले त्याऐवजी दुसरे काय घडू शकले असते, याचा पुराव्याला धरून केलेला विचार म्हणजे पर्यायी इतिहास. आणि असा विचार करण्याजोगे ठिकाण म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाजवळ, थळच्या किनाऱ्यासमोर असलेले खांदेरी बेट, कारण १६७९ मध्ये मराठे, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांनाही हा खडक हवा होता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी बेटावर उतरला व तटबंदीचे काम सुरू झाले. ते रोखण्यास आलेला इंग्रज लेफ्टनंट थॉर्प सप्टेंबरात बेटावर उतरताना मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे तोफा चढवलेले मोठे लढाऊ जहाज, पकडली, परंतु कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’च्या माऱ्यापुढे मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या ताफ्याला नागोठण्याच्या खाडीकडे हटावे लागले. तरीही बेट पडले नाही. खानदेशातील पारोळ्याच्या भुईकोटाला, म्हणजे सपाट जमिनीवरील किल्ल्याला, खंदकाचे पाणी राखते खरे, पण वेढा आवळला की बाहेरून दाणागोटा येत नाही. खांदेरीला मात्र पाण्यानेच रसद पोचवली. वल्हे आणि शीड दोन्हींवर चालणारी, उथळ पाण्यातून जाणारी गलबते रात्री पहारा चुकवून धान्य, दारूगोळा आणि बांधकामाचे सामान उतरवीत राहिली, तर इंग्रजांची खोल तळाची जहाजे वारा पडला की जागीच अडकत.

पुढे मोगलांच्या चाकरीतला सिद्दी कासीम मदतीस आला, पण बेट जिंकल्यावर ते कोणाचे, याचा उलगडा तो करीना, आणि इंग्रजांना मराठ्यांपेक्षा या दोस्ताचेच भय वाटू लागले. शिवाय इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे हितसंबंध समुद्रापुरते नव्हते: खानदेशातील धरणगावच्या कापडासाठी तिने घातलेली वखार, म्हणजे व्यापाराची कोठी, मराठ्यांनी १६७५ मध्ये लुटली होती आणि १६७९ मध्येही त्यांच्या फौजा धरणगाव-चोपड्यावर येऊन गेल्या. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली.

त्याला खांदेरीच मिळाली असती तर मुंबई बुडाली असती, हा तर्क मोहक असला तरी पटत नाही. सिद्दी याकूतखानाने १६८९ मध्ये खांदेरी हाती नसतानाही माझगाव व माहीम घेऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडलेच होते, आणि १६९० मध्ये तो माघारी गेला तो औरंगजेबाने इंग्रजांना दंड भरायला लावून माफी दिल्यावर. म्हणजे मुंबईचा निकाल बेटावर नव्हे, बादशहाच्या छावणीत लागला. खरा फरक मराठ्यांना पडला असता. खांदेरी आणि उंदेरी दोन्ही सिद्दीच्या हाती असत्या, तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची उत्तरेकडची वाट बंद झाली असती, आणि पुढे मराठा आरमाराचे प्रमुख झालेल्या कान्होजी आंग्र्यांना मुंबईच्या दाराशी आरमार ठेवून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून दस्तकाचा, म्हणजे परवान्याचा, आग्रह धरणे जवळपास अशक्य झाले असते. तो आग्रह मोडण्यासाठीच मुंबईकर इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली, आणि तीही फसली.