फारूख बलसारा आणि पाचगणी : चरित्रांतील आठ पाने

फ्रेडी मर्क्युरीचे कोणतेही इंग्रजी चरित्र उघडावे. झांजिबारमधील जन्म पहिल्या पानावर, लंडनचे आगमन विसाव्या-तिसाव्या पानावर आणि मधली सुमारे आठ वर्षे कशीबशी सात-आठ पानांत. ही आठ वर्षे सातारा जिल्ह्यात गेली. रॉक अँड रोलचा हा जगद्विख्यात गायक पियानो शिकला, पहिल्यांदा वाद्यवृंदात उभा राहिला आणि ‘फ्रेडी’ झाला तो पाचगणीत. या धाग्यात त्या आठ पानांविषयी.

जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार. नाव फारूख बलसारा. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल, आई जेर. कुटुंब पारशी, मूळ गुजरातचे. वलसाडचे जुने नाव बलसार, आडनाव त्यावरूनच आले. मुंबई, सुरत आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा यांच्यातील ये-जा शेकडो वर्षांची. त्यामुळे मुलाला शिक्षणासाठी समुद्रापार भारतात पाठवणे त्या घराला जगावेगळे वाटले नसावे. आठ वर्षांच्या मुलाला काय वाटले, हा प्रश्न निराळा.

पाचगणीच का? सुमारे १,३०० मीटर उंचीवरील ही जागा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हवापालटासाठी वसवली. कोरड्या, थंड हवेमुळे तिथे दोन गोष्टी वाढल्या : निवासी शाळा आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामे. दोन्हींत पारशी समाजाचा वाटा मोठा. डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेले बेल-एअर आरोग्यधाम हे त्याचे ठळक उदाहरण. फारूख दाखल झाला तो सेंट पीटर्स या इंग्रजी वळणाच्या निवासी शाळेत. काही चरित्रे हे वर्ष १९५४ देतात, काही १९५५.

इथे थोडे थांबून त्या काळाचा नकाशा पाहावा. तो आला तेव्हा पाचगणी मुंबई राज्यात होती. जालना जिल्ह्यातील आजचे तीर्थपुरी तर तेव्हा हैदराबाद राज्यात. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा मोठा भाग या मुलाच्या शालेय वर्षांत घडला. चरित्रांत त्याचा उल्लेखही नाही. निवासी शाळेच्या भिंती तेवढ्या उंच होत्या, की चरित्रकारांची नजर तेवढी आखूड, हे वाचकांनी ठरवावे.

आता संगीताकडे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते पुण्यात जन्मलेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताची प्रतिष्ठा वाढावी म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केले. परिणाम उलटा झाला : श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. हिंदी गाण्यांबरोबरच इंग्रजी लोकप्रिय गाणीही तिथूनच भारतभर ऐकू येत. १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपटासाठी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ बांधले. रॉक अँड रोल महाराष्ट्रात केवळ साहेबी शाळांतून शिरला नाही, तो असा हिंदी पडद्यावरूनही शिरला.

रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे फारूख लगेच पियानोवर वाजवून दाखवी, असे त्याचे सहाध्यायी सांगतात. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला : फारूख, ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फरंग इराणी आणि व्हिक्टरी राणा. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ते शाळेच्या समारंभांत वाजवीत. बासचा आवाज काढायला चहाचे रिकामे खोके. आणि गंमत अशी, की मुख्य गायक फारूख नव्हताच. गात असे ब्रूस मरे. पुढे इराणींनी पुण्यात उपाहारगृह चालवले, ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले, राणा नेपाळच्या सैन्यात सेनाधिकारी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधील शांतिसेनेचे प्रमुख झाले.

मात्र ही साक्ष जपून वाचायला हवी. बहुतेक आठवणी तो जगप्रसिद्ध झाल्यानंतर सांगितल्या गेल्या. प्रसिद्धीचा उजेड मागे पडला, की वर्गातला लाजाळू मुलगाही आठवणीत भावी तारा दिसू लागतो. लता मंगेशकरांचा त्याच्यावर प्रभाव होता, हे विधानही वारंवार फिरते. मराठी वाचकाला ते सुखावते, पण त्याच्या गायकीत तो प्रभाव बोट ठेवून दाखवणे कठीण आहे. त्यापेक्षा पाचगणीतील पियानोची शिकवणी हा भक्कम दुवा.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि दक्षिण आशियाई कुटुंबांवर हल्ले झाले. बलसारा कुटुंब इंग्लंडला निघून गेले आणि लंडनजवळील फेल्टममध्ये राहू लागले. फारूख कलाशाळेत शिकत असताना, १९६८ मध्ये, पूर्व आफ्रिकेतील आशियाई लोकांचा प्रवेश रोखणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला. त्याच वर्षी एनॉक पॉवेल यांचे स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण झाले. १९७० मध्ये ‘क्वीन’ स्थापन झाले आणि बलसाराचा मर्क्युरी झाला.

त्याने आपले मूळ लपवले, असा आरोप नंतर झाला. भारताविषयी तो फारच क्वचित बोलला, हे खरे. पण १९७० च्या सुमारास लंडनमध्ये नाव बदलणाऱ्या तरुणाला १९९१ नंतरच्या अस्मितेच्या मोजपट्टीने मोजणे हा इतिहासवाचनातला सरळ अन्याय आहे. शिवाय मौन पूर्ण नव्हते : १९७८ च्या ‘जॅझ’ या अल्बमची सुरुवातच ‘मुस्तफा’ या गाण्याने होते.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. आजार त्याने आदल्या दिवशीच जाहीर केला होता. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि दहन झाले. २०१३ मध्ये तिथल्याच केन्सल ग्रीन दफनभूमीत एक छोटी पट्टिका लोकांच्या नजरेस पडली. तिच्यावर ‘मर्क्युरी’ हे नाव नव्हते. फारूख बलसारा, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि फ्रेंचमधील एक प्रेमाची ओळ. गर्दी होऊ लागली, तशी ती पट्टिका तिथून नाहीशी झाली.