मिरीच्या चक्कीपाशी थोडे थांबू

प्यूजो म्हटले की आपल्यासमोर फ्रेंच मोटार येते. फ्रान्समध्ये मात्र हेच नाव जेवणाच्या टेबलावर, मिरी दळायच्या छोट्या हातचक्कीवरही दिसते. गाड्यांवर नाव कमावले आणि मग स्वयंपाकघरात शिरले, असा आपला सहज समज होतो. घडले ते उलटे. प्यूजो कुटुंबाचा जुना धंदा पोलादाचा, करवतीच्या पात्यांचा. १८४० मध्ये त्यांनी कॉफीची चक्की काढली, १८७४ मध्ये मिरीची. पहिली मोटार आली ती १८८९ मध्ये. गाडीच्या नाकावरचा सिंहसुद्धा मुळात करवतीचा. पात्याचे दाते सिंहाच्या दातांसारखे बळकट, हे त्याला सांगायचे होते.

मोटारीच्या नावाने घरसामान विकण्याच्या व्यवहाराचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या चक्कीपाशी करतो आहे. ‘नाव कुठवर ताणता येते?’ हा या विषयातला रुळलेला प्रश्न. त्याच्या आधी मला दुसरा एक प्रश्न विचारावासा वाटतो: नावाच्या सोबत आणखी काय जाते? प्यूजोच्या चक्कीतून मोटारीपर्यंत पोलादाची विद्या गेली. पुष्कळदा नुसता बिल्लाच जातो.

पोर्शेची गोष्ट या दोहोंच्या मधली, आणि माझ्या मते सर्वांत रसाळ. ९११ या गाडीला रूप देणारे फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे १९७२ मध्ये कंपनीबाहेर पडले. भाऊबंदकीला कंटाळून घराण्याने ठरवले होते, की कारभारात घरचे कोणी नको. त्यांनी ‘पोर्शे डिझाइन’ हा स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि पहिल्यांदा केले ते मनगटी घड्याळ, सबंध काळे. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या तबकड्या चकाकू नयेत म्हणून काळ्या ठेवतात, तोच विचार मनगटावर आला. इथे कारखाना मागे राहिला, पण पाहणारा डोळा सोबत गेला. आज त्याच नावाने मिळणाऱ्या साउंडबारमध्ये ९११ जीटी३ चा सायलेन्सर बसवलेला असतो. ही कल्पकता की नुसती हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो प्रकार थोडा पोरकट वाटतो.

सिद्धांताकडे वळायचे तर डेव्हिड आकर आणि केव्हिन लेन केलर यांच्या १९९० च्या लेखापासून सुरुवात करावी. जुन्या आणि नव्या वस्तूचा मेळ ग्राहकाला पटला पाहिजे, हा त्यातला निष्कर्ष सगळे सांगतात. दुसरा तितकासा सांगितला जात नाही: नवी वस्तू बनवायला फारच सोपी वाटली, तर ग्राहक नाक मुरडतो. महागड्या गाडीचे नाव लावलेल्या किचेनकडे आपण संशयाने का पाहतो, ते यातून उमगते. पुढच्याच वर्षी पार्क, मिलबर्ग आणि लॉसन यांनी टाइमेक्स आणि रोलेक्स ही नावे समोरासमोर ठेवली. प्रतिष्ठेवर उभे असलेले नाव अगदी वेगळ्या वस्तूंपर्यंतही पोचू शकते, फक्त त्या वस्तूलाही तोच तोरा हवा, असे त्यांना आढळले.

बेंटली होम नेमके याच वाटेने गेले. २०१३ पासून या नावाचे सोफे आणि टेबले मिळू लागली. गाड्या इंग्लंडमधल्या क्रू गावी होतात, फर्निचर मात्र इटलीतल्या ‘लक्झरी लिव्हिंग ग्रुप’ने परवान्यावर केले. चामडे आणि लाकडाचे व्हिनियर हा दोन्हींतला दुवा. परवान्यांचा पसारा वाढला की काय होते, ते फेरारीकडे पाहावे: २०१९ मध्ये कंपनीने असे करार निम्म्यावर आणणार असल्याचे जाहीर केले, आणि २०२१ मध्ये मारानेलोच्या कारखान्यात, जुळणीच्या रांगेवरच, रोक्को इयान्नोने यांनी केलेल्या कपड्यांचा पहिला संग्रह मांडला.

मराठी वाचकाला या विषयाचा सराव आधीच आहे. अंगणात बजाजची स्कूटर, आत बजाजचा मिक्सर, अशी घरे आपण पाहिली आहेत. बजाज ऑटो आणि बजाज इलेक्ट्रिकल्स या वेगवेगळ्या कंपन्या. समान ते घराण्याचे नाव. मग स्कूटरने दिलेला भरवसा मिक्सरच्या खात्यात जमा होत होता का? आणि मिक्सर जळाला, तर बोल कोणाला लागत होता? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. पहिल्या प्रकरणाआधी एवढे टिपण हाताशी असले, तर वाचताना उपयोगी पडेल.