बरं वाटलं, पण कशाच्या तुलनेत? ऑनलाइन माइंडफुलनेसच्या चाचण्यांची गोष्ट

समजा, तुम्ही फोनवर दोन आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स केलात. रोज दहा मिनिटं, डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष. सुरुवातीला ताणाबद्दलची एक प्रश्नावली भरलीत, शेवटी पुन्हा तीच भरलीत आणि आकडा खाली आला. मग कोर्सचा उपयोग झाला का? आपण पटकन ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर थांबून का चालत नाही, हे संशोधक हळूहळू कसे शिकले, ते आज बघू.

गोष्ट सुरू होते 1979 मध्ये, अमेरिकेतल्या वूस्टर शहरात. जॉन कबात-झिन यांचं शिक्षण रेणवीय जीवशास्त्रातलं, पण विपश्यना, झेन आणि हठयोग यांचा त्यांचा स्वतःचा सराव होता. यातली विपश्यना आपल्याला इगतपुरीमुळे माहीत आहे. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पुढे इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. तिथे दहा दिवस राहायचं, मौन पाळायचं. कबात-झिन यांनी वेगळी वाट धरली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, धार्मिक भाषा बाजूला ठेवून, त्यांनी रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. त्याचंच पुढे ठरलेलं रूप म्हणजे आठ आठवड्यांचा कोर्स: आठवड्याला एक लांबलचक वर्ग आणि घरी रोज सुमारे 45 मिनिटांचा सराव.

1982 मध्ये त्यांनी 51 रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला. हे सगळे जुनाट वेदनेचे, नेहमीच्या उपचारांनी बरे न वाटलेले रुग्ण. त्यांतल्या 65 टक्के लोकांचा वेदनेचा आकडा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त उतरला. मोठीच गोष्ट! पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

त्याने काय बिघडतं? बघा, माणूस मदत मागायला येतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर काहीही न करतासुद्धा थोडा उतार पडायची शक्यता असतेच. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतंय, आपल्यासारखेच त्रास असलेली माणसं भेटतायत, यानेही बरं वाटतं. मग श्रेय ध्यानाला द्यायचं, काळाला की सोबतीला?

यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणं. या विषयातली गाजलेली चाचणी 2000 सालची. टीसडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी कॅनडातलं टोरंटो, इंग्लंडमधलं केंब्रिज आणि वेल्समधलं बँगर इथे मिळून 145 लोक घेतले. सगळे नैराश्यातून बाहेर आलेले, पण ते उलटण्याचा धोका असलेले. ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलं होतं, त्यांच्यात नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 66 टक्के लोकांचा आजार उलटला. माइंडफुलनेसची जोड दिलेल्या गटात 37 टक्के. आणि ज्यांना फक्त दोनदा नैराश्य आलं होतं? त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे ‘उपयोग होतो का’ या प्रश्नाला ‘कुणाला’ हा प्रश्न जोडला गेला.

मग कोर्स इंटरनेटवर आला आणि गंमत म्हणजे इतिहास पुन्हा पहिल्या पायरीवर! 2012 मध्ये ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास आला: 100 लोक, ताण कमी झाला, तुलनेचा गट नाही. लगेच पुढच्या वर्षी ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 104 विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला दोन आठवड्यांचा छोटा कोर्स, दुसरा वेटिंग लिस्टवर. कोर्सवाल्यांचा ताण, चिंता आणि उदासी कमी झाली. 2016 मध्ये अशा 15 ऑनलाइन चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ताणावर मध्यम आणि नैराश्य, चिंता, एकूण मानसिक स्वास्थ्य यांवर छोटा परिणाम दिसला. सोबत मार्गदर्शक असेल तर परिणाम जास्त.

पण वेटिंग लिस्टही धड तुलना नव्हे. आपल्याला अजून काही मिळालेलं नाही, हे त्या माणसाला माहीत असतं. शिवाय ऑनलाइन कोर्सचा कायमचा रोग म्हणजे गळती. समजा शंभर जण सुरू झाले आणि साठच शेवटपर्यंत टिकले. फक्त त्या साठांचा निकाल मोजला तर कोर्स उगाच छान दिसतो, कारण ज्यांना जमलं नाही ते हिशेबातूनच गेले. म्हणून चांगल्या चाचणीत सुरुवातीचे सगळे शंभर मोजतात.

सगळ्यात कठीण परीक्षा म्हणजे तोडीस तोड पर्याय. 2012 मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी (हे वर्ग प्रत्यक्षातले, ऑनलाइन नव्हेत) दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ आणि तितकेच तयारीचे शिक्षक दिले; फक्त शिकवलं व्यायाम, आहार, संगीत वगैरे. मानसिक त्रास दोन्ही गटांत कमी झाला, पण गटागटांत फरक नाही. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा मोठा आढावा निघाला. त्याचाही सूर असाच: चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा उपयोग दिसतो, पण औषधं, व्यायाम अशा उपायांपेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा नाही.

याचा अर्थ माइंडफुलनेस थोतांड आहे असा मुळीच नाही. ‘व्यायामाइतकाच उपयोग’ ही काही छोटी गोष्ट नाही, आणि दहा मिनिटांचा कोर्स स्वस्तात हजारो लोकांपर्यंत पोचतो. धोका वेगळा आहे. कॉलेज किंवा कंपनी समुपदेशकाऐवजी एक लिंक पाठवून मोकळी होते. आणि खरोखर नैराश्यात असलेला माणूस चार दिवसांत कोर्स सोडतो, वर म्हणतो, ‘एवढं सोपं होतं, तेही मला जमलं नाही.’ त्याला कुणी सांगत नाही, की छोटा परिणाम हा सरासरीचा असतो आणि सोडणारे पुष्कळ असतात.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ध्यानाच्या ॲपने ताण घटला’ अशी बातमी वाचलीत तर तीन गोष्टी शोधा: तुलना कशाशी केली, किती जण मध्येच सोडून गेले, आणि सहभागी लोक मुळात किती त्रासात होते. कोर्स आवडत असेल तर खुशाल करा. मात्र उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर कोर्स संपायची वाट बघू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा.