अरवली पर्वतरांग
अरवली ही भारतातील सर्वांत प्राचीन पर्वतरांगांपैकी एक असून ती ईशान्य गुजरातपासून राजस्थान व हरियाणामार्गे दिल्लीपर्यंत सुमारे ६७० कि.मी. पसरली आहे. अबू पहाडावरील गुरुशिखर (१,७२२ मी.) हे तिचे सर्वोच्च शिखर होय.

निर्मिती
अरवलीचा पाया २५० कोटींहून अधिक वर्षे जुन्या पट्टिताश्मांचा आहे. हे भूकवच ताणले जाऊन तयार झालेल्या खोलगट भागांत वाळू, चिखल व चुन्याचे जाड थर साचले. पुढे भूखंडांच्या टकरीत या थरांना वळ्या पडल्या. दाब व उष्णता यांमुळे वाळूखडकाचा क्वार्ट्झाइट आणि चुनखडकाचा संगमरवर बनला. ताजमहालाचा मकराना संगमरवर याच पट्ट्यातला. हे गिरिजनन एकदाच न होता टप्प्याटप्प्याने, सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत चालले.

झीज
माथा झिजून भार हलका झाला की समस्थायित्वामुळे पर्वताचे खोल मूळ वर उचलले जाते. त्यामुळे झीज दीर्घकाळ चालू राहते आणि एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल असलेले खडक उघडे पडतात. मऊ खडकांच्या जागी दऱ्या झाल्या. टणक क्वार्ट्झाइटच्या धारा तेवढ्या उरल्या. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर आहे, तीही अरवलीच्या उत्तर टोकाचाच भाग. सह्याद्रीशी मात्र अरवलीची तुलना जपून करावी: सह्याद्री हा वली पर्वत नसून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पठाराची झिजलेली कड आहे.

खाणकाम
दगडखाणींमुळे अरवलीतील काही टेकड्या अवघ्या काही दशकांत नाहीशा झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरिदाबाद, गुडगाव व मेवात जिल्ह्यांतील अरवली क्षेत्रात खाणकामास मनाई केली.