खिडकीच्या कड्या: लोहाराच्या भात्यापासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत

खिडकीच्या पल्ल्याला तीन सोयी लागतात. तो घट्ट मिटला पाहिजे, उघडल्यावर वाऱ्याने आपटता कामा नये आणि ओढायला हाताला काहीतरी सापडले पाहिजे. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत या तीन सोयींसाठी तीन निरनिराळ्या वस्तू असत. आजच्या खिडकीत त्यांतल्या काही एकाच मुठीत सामावल्या, तर काही नाहीशा झाल्या. घरगुती दुरुस्ती हळूहळू अवघड का होत गेली, याचे उत्तर बरेचसे या एकत्रीकरणात सापडते.

वाड्यांच्या तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीत खिडक्या कमी आणि लहान असत. उजेड-वारा यायचा तो चौकातून. बाहेरच्या खिडक्यांना लाकडी किंवा लोखंडी गज आणि त्यांच्या आतल्या अंगाला फळ्यांचे पल्ले असत. काच ही श्रीमंतांच्या दिवाणखान्याची चैन होती, त्यामुळे पल्ला मिटला की खोलीत अंधार होई. असा पल्ला बंद ठेवण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे फिरकी: चौकटीवर एका खिळ्याभोवती फिरणारा लाकडाचा तुकडा. त्याहून भक्कम बंदोबस्त हवा असेल तर आडवा अडणा घालत. ऐपत असेल तिथे लोखंडी कडी आणि चौकटीत ठोकलेला कोयंडा येई. उघडा पल्ला भिंतीशी धरून ठेवायला आकडा असे, आणि ओढायला वाटोळी मूठ असे.

या वस्तू गावचा लोहार घडवी आणि सुतार बसवी. दोघेही बलुतेदार असल्याने दुरुस्तीचा मोबदला बहुतेक ठिकाणी सुगीच्या धान्यातूनच फिटे. कडी झिजली तर ती टाकून दिली जात नसे. लोहार तिला भट्टीत तापवून पुन्हा टोक काढी किंवा नवा तुकडा जोडी. कोयंड्याच्या पायाचे भोक सैल झाले की सुतार त्यात लाकडाची गुल्ली ठोकून त्याच जागी तो पुन्हा पक्का करी. फिरकी तुटली तर घरातल्या कुणीही कोयत्याने दुसरी तासावी. मापाचा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण प्रत्येक कडी त्या एका खिडकीसाठीच घडवलेली असे.

गोव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या पोर्तुगीज काळातल्या घरांत लाकडी जाळीत शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसवून खिडक्यांची तावदाने करत. पल्ला मिटूनही आत दुधी उजेड येत असल्याने खिडकी दिवसाही बंद ठेवता येई. पुढे काच स्वस्त झाली तसे हे काम मागे पडले.

ब्रिटिश अमदानीत मुंबईत आणि छावण्यांच्या गावांत उंच, दोन पल्ल्यांच्या खिडक्या आल्या. पल्ल्यांत काच किंवा झिलमिली आली. झिलमिलीच्या सगळ्या पट्ट्या मधल्या एका उभ्या दांडीने एकदम फिरत, म्हणजे ही दांडीच तिथे मुठीचे काम करी. माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या पल्ल्याला मध्ये एक कडी पुरत नाही, कारण वरचे आणि खालचे टोक पावसाळ्यात फुगून बाहेर येते. म्हणून वर एक आणि खाली एक असे सरकते बोल्ट लावण्याची पद्धत पडली. दुकानात आजही त्याला टॉवर बोल्ट म्हणतात. बड्या बंगल्यांत फ्रान्सकडून आलेली लांब दांड्याची व्यवस्था दिसे: मधली मूठ फिरवली की वरचे आणि खालचे अशी दोन्ही टोके एकाच वेळी चौकटीत शिरत. तीन कामांपैकी दोन कामे एका मुठीत येण्याची ही सुरुवात होय.

हा माल प्रामुख्याने विलायतेहून येई आणि पितळी सामानासाठी बर्मिंगहॅमचे कारखाने प्रसिद्ध होते. तो ठरावीक नमुन्यांत ओतलेला असल्याने कडीच्या इतिहासात पहिल्यांदाच ‘तसलीच दुसरी’ मिळू लागली. देशात अलिगढ हे कुलपे आणि पितळी सामानाचे मोठे केंद्र बनले. मुंबईत 1897 साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. मुंबईतील नागदेवी आणि पुण्यातील रविवार पेठेची बोहरी आळी हे भाग लोखंडी-पितळी सामानाच्या व्यापाराने ओळखले जाऊ लागले. या धंद्यात बोहरा व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. लोहाराच्या भात्यापुढून कडी दुकानाच्या फळीवर गेली ती याच काळात. स्क्रूने बसणारी कडी काढायला सोपी होती, पण स्क्रूला तिच्या पट्टीतली भोके जुळावी लागत. नवी कडी घेताना जुनी बरोबर न्यायची, हा शहाणपणा तेव्हापासूनचा.

मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि खिडकी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. 1898 साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने कोंदट खोल्यांविरुद्ध मोहीम उघडली. खिडकीसमोर किती मोकळे आभाळ असावे यासाठी ट्रस्टने 63.5 अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. पुढे 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी उभ्या राहिल्या. उजेड-वाऱ्यासाठी खिडकी रोज उघडणे-मिटणे अपेक्षित झाले, आणि रोज हलणारी वस्तू लवकर झिजते. आरोग्याच्या अहवालांत बिजागरीची आणि कडीची दखल कुणी घेतली नाही, हे त्या काळाच्या दृष्टीला साजेसेच आहे.

खरा बदल पोलादी खिडकीने घडवला. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या ब्रेनट्री गावात फ्रान्सिस क्रिटॉल यांनी 1880 च्या दशकात धातूच्या खिडक्या बनवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर त्या ठरावीक मापांत कारखान्यात तयार होऊ लागल्या. 1930 च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला ज्या आर्ट डेको इमारती उठल्या, त्यांच्या आडव्या, कोपऱ्याभोवती वळणाऱ्या खिडक्या पोलादाच्या बारीक चौकटीशिवाय शक्य नव्हत्या.

या खिडकीची मूठ विचारपूर्वक घडवलेली आहे. तिच्या नाकाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर पल्ला किंचित उघडा राहून अडकतो, दुसऱ्यावर पूर्ण मिटतो. पावसाळ्याच्या रात्री वारा हवा पण सर नको, अशा मुंबईच्या हवेला ही सोय फार उपयोगी पडली. पल्ला उघडा धरायला खाली सुमारे 300 मिलिमीटरची भोकांची पट्टी असते. तिची तीन भोके खुंटीत अडकवून पल्ला तीन वेगवेगळ्या कोनांत थोपवता येतो. मूठ थेट पल्ल्यावर बसत नाही. पल्ल्याला एक लहान पोलादी पट्टी वितळजोड करून लावलेली असते आणि मूठ तिच्यावर स्क्रूने बसते. त्यामुळे काच बसवून झाल्यावरही ती लावता येते, आणि अर्थातच बदलताही येते. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने या खिडक्यांसाठी आयएस 1038 हे मानक केले. चौकटींची मापे 10 सेंटिमीटरच्या पटीत बसवली आणि मुठीच्या दोन टप्प्यांपासून पट्टीच्या तीन भोकांपर्यंत सगळे त्यात लिहून ठेवले. टॉवर बोल्टसाठी आयएस 204, कडी-कोयंड्यासाठी आयएस 363 आणि दुकानदार ज्याला अल्ड्रॉप म्हणतात त्या कुलूप लावायच्या सरकत्या बोल्टसाठी आयएस 281 अशी स्वतंत्र मानके आहेत. सरकारी वसाहती, शाळा आणि रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये याच जातीच्या खिडक्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

समुद्राच्या हवेत पोलादी चौकट गंजते, आणि गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. चौकट फुगते, पल्ला नीट मिटत नाही, तो जोर लावून ओढला जातो आणि मूठ मानेशी मोडते. अशा वेळी नवी मूठ आणून लावली तर तीही लवकरच मोडते. आधी गंज खरवडून, पल्ला सैल करून, काचेभोवतीच्या निघालेल्या लांबीच्या (पुटीच्या) जागी खडूची पूड आणि अळशीच्या तेलाची नवी लांबी भरून मगच मुठीला हात घालावा लागतो. शिवाय या मुठीत डावी-उजवी असा फरक असतो आणि पल्ला कुठल्या बाजूला बिजागरीवर आहे हे न पाहता आणलेली मूठ परत करावी लागते.

पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने चिघळला. बरीच भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठली. तेवढ्या भाड्यात इमारत सांभाळणे घरमालकाला परवडेना आणि भाडेकरू खोली सोडेना. 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा होऊन जुन्या इमारतींवर उपकर बसला, पण मंडळाचा पैसा तुळया, जिने आणि गच्च्या सावरण्यातच खर्ची पडे. कड्या भाडेकरूच्याच वाट्याला राहिल्या. मुठीऐवजी सुतळी, तारेचा वेढा, दाराचा टॉवर बोल्ट आडवा मारलेला, अशी जी तडजोड चाळीच्या खिडक्यांवर दिसते, तिला हौसेपेक्षा हा हिशोब जास्त कारणीभूत आहे. तांबे आणि जस्त यांसाठी देश बराच काळ आयातीवर अवलंबून होता, त्यामुळे पितळ महाग राहिले. मोडलेली पितळी मूठ भंगारात चांगला भाव घेई आणि तिच्या जागी रंगवलेले लोखंड बसे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात जुनी पितळी सामग्री मिळते, तिच्यामागे पाडलेल्या वाड्यांइतकाच हाही प्रवाह आहे.

ॲल्युमिनियम उशिरा आले, त्याचे कारण सरकारी आहे. 1970 च्या नियंत्रण आदेशानुसार उत्पादनाचा किमान निम्मा भाग वीजवाहक दर्जाचा, म्हणजे विजेच्या तारांसाठी, ठेवणे कारखान्यांवर बंधनकारक होते. 1989 साली हे नियंत्रण उठले. त्यानंतरच्या दशकांत शहरांतल्या नव्या इमारतींत सरकत्या खिडक्यांची लाट आली. सरकत्या पल्ल्याला वाऱ्याने आपटण्याची भीती नाही, म्हणून भोकांची पट्टी गेली. ओढायला वेगळी मूठ उरली नाही, पल्ल्याच्या कडेतच खाच आली. बंद करायला छोटे टच लॉक किंवा चंद्रकोरीच्या आकाराचे लॉक बसले. ही लॉके बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असतात. आतली स्प्रिंग गंजली किंवा जीभ मोडली की ती दुरुस्त होत नाहीत, बदलावीच लागतात. ॲल्युमिनियमवर साधा लोखंडी स्क्रू मारला तर दमट हवेत दोन धातूंच्या संपर्काने चौकटच भोकाभोवती झिजते, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत हे चांगले कारागीर जाणतात. चौकटीच्या प्रत्येक सेक्शनचे (पट्टीच्या आकाराचे) लॉक वेगळे असते. पाऊण इंचीचे एक इंचीला बसत नाही आणि डोमल नावाच्या सेक्शनचे दोन्हींना नाही.

यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या उघडत्या खिडक्यांत लांब दांड्याची ती जुनी फ्रेंच कल्पना पल्ल्याच्या कडेत लपून परत आली आहे. मूठ फिरवली की तीन-चार ठिकाणी खुंट्या चौकटीत अडकतात. मुठीचा चौकोनी कणा साधारण 7 मिलिमीटरचा असतो आणि युरोपीय नमुन्यात दोन स्क्रूंमधले अंतर 43 मिलिमीटर असते. ही दोन मापे आणि कण्याची लांबी जुळली तर दुसऱ्या कंपनीची मूठही बहुधा बसते, आणि ते काम घरच्या स्क्रूड्रायव्हरने होते: मुठीखालची टोपी आडवी फिरवायची, दोन स्क्रू काढायचे, मूठ ओढून घ्यायची. आतली दांड्याची पेटी मोडली असेल तर मात्र पल्ला उतरवावा लागतो. जुन्या इमारतींत रहिवासी बहुतेक वेळा मुठीच्या निमित्ताने सगळी पोलादी खिडकीच काढून ॲल्युमिनियमची बसवतात. मुंबईतल्या त्या आर्ट डेको इमारती 2018 साली व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. त्यांच्यापैकी काहींत आता जुन्या नमुन्यावरून पितळी मुठी पुन्हा ओतून घेतल्या जातात. एका मुठीचा साचा करणे महाग पडते, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून मागणी दिली तरच ते परवडते.